देवावरची फिर्याद

उर्दू शायरीच्या इंग्रजी अनुवादाचा विषय निघाला की पहिला सूर लागतो तो हळहळीचा. रदीफ गेला, काफिया गेला, लय गेली, आता उरले काय? ही हळहळ खोटी नाही. पण तिच्या गलबल्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो: अनुवादात जे टिकू शकत होते, त्याचे आपण काय केले? गझलेत नाद आहे तसा युक्तिवादही आहे, आणि त्या युक्तिवादाचा मोठा भाग धर्माविषयी आहे. आज्ञा न पाळणारा माणूस श्रद्धावान असू शकतो का? देवाच्या न्यायावर हरकत घेणे म्हणजे श्रद्धेच्या घरातून बाहेर पडणे, की त्याच घरात बसून तंडणे? उर्दू कवींनी पिढ्यान्‌पिढ्या या प्रश्नांशी झोंबी घेतली. भारतीय इंग्रजी कादंबरीने या शायरीवर प्रेम केले, अगदी मनापासून केले. पण ते तिच्या दुःखावर, तिच्या तहजीबवर, तिच्या मावळत्या वैभवावर. तिचे म्हणणे काय आहे हे मात्र फारसे कोणी ऐकून घेतले नाही. आणि म्हणणे ही तर भाषेचा उंबरठा ओलांडताना सर्वांत कमी झिजणारी गोष्ट.

गालिबचेच पाहू. इस्लामी समजुतीप्रमाणे प्रत्येक माणसासोबत दोन फरिश्ते असतात, त्याची बरीवाईट कृत्ये लिहून ठेवणारे. आपल्याकडे जे काम एकट्या चित्रगुप्ताच्या गळ्यात आहे ते तिथे दोघांत वाटलेले. कयामतीच्या दिवशी ती वही उघडायची आणि निवाडा व्हायचा. गालिब एका शेरात या सगळ्या व्यवस्थेत एकच खोट काढतो. ही नोंद होत होती तेव्हा आमच्या बाजूचे कोणी तिथे हजर होते का? देव नाही असे तो म्हणत नाही. कयामत होणार नाही असेही म्हणत नाही. आपण पाप केले नाही, असा दावासुद्धा नाही. पंचनाम्याला आरोपीकडचा माणूस नव्हता, एवढीच तक्रार. वाचताना हसू येते, आणि ते ओसरल्यावर कळते की मुद्दा दिसतो तितका किरकोळ नाही. सर्वज्ञ देवाला साक्षीदार कशाला, असे कोणी म्हणेल. कबूल, पण मग वही तरी कशाला? वही ठेवली आहे त्याअर्थी न्याय नुसता होऊ नये, तो दिसावा, अशी देवाचीच इच्छा असणार. आणि दिसायचाच असेल तर एकतर्फी कागदावर तो कसा दिसणार? दुसऱ्या एका शेरात तो याहून पुढे जातो. केलेल्या पापांची शिक्षा होणार असेल, तर जी करावीशी वाटली आणि करता आली नाहीत त्या पापांच्या तळमळीचीही दाद लागावी, अशी त्याची मागणी आहे. कर्माचे मोल हेतूवरून ठरते, हे इस्लामी परंपरेतले अगदी पायाचे वचन. गालिब त्याच वचनाचे टोक धरून ते उलटे फिरवतो: हेतू मोजायचाच ठरला, तर अपुऱ्या राहिलेल्या इच्छेत माणसाने जे सोसले तेही मोजा. तिसऱ्या एका ठिकाणी त्याची सूचना अशी की स्वर्गच उचलून नरकात टाकावा, म्हणजे मध आणि मदिरेच्या आशेने होणारी उपासना बंद पडेल. ही कल्पना मुळात त्याची नव्हे. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या राबियेची कथा आहे: एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन ती निघाली, स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला. गीतेवर वाढलेल्या, मोक्ष नाकारून पुन्हा जन्म मागणाऱ्या तुकोबांचे अभंग ऐकलेल्या मराठी माणसाला हा विचार परका वाटायचे कारण नाही.

आता या तिन्ही ठिकाणचे सार मी वर साध्या मराठी गद्यात सांगितले. छंद नाही, यमक नाही, मूळचा एकही चरण नाही. तरी वादाचा मुद्दा पोहोचला. हे मराठीत होत असेल तर इंग्रजीत न होण्याचे कारण काय?

कोणी म्हणेल, ही नुसती कवीची मस्करी आहे, तिच्यावर धर्मचिंतनाचे ओझे कशाला लादता? पण गालिबला कायदा आणि धर्मशास्त्र दोन्हींची चव ठाऊक होती. वडिलोपार्जित पेन्शनसाठी त्याने 1828 मध्ये कलकत्ता गाठले, कंपनी सरकारपुढे वर्षानुवर्षे अर्ज केले आणि अखेर हात चोळत बसला; 1847 मध्ये जुगाराच्या गुन्ह्यात तुरुंगही पाहिला. कागदावर कोणी काय लिहून ठेवले यावर माणसाचे नशीब कसे ठरते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. धर्मचर्चेचे म्हणाल, तर त्या काळच्या दिल्लीत एक वाद पेटला होता: परमेश्वराने ठरवले तर तो प्रेषित मुहंमदांसारखा दुसरा प्रेषित निर्माण करू शकेल का? होय म्हणावे तर प्रेषितांचे अद्वितीयत्व जाते, नाही म्हणावे तर देवाच्या सामर्थ्याला मर्यादा पडते. गालिबचे मित्र मौलाना फजल-ए-हक खैराबादी ‘नाही’च्या बाजूचे. त्यांनी गालिबला या विषयावर फारसी मसनवी लिहायला लावली. हालीने ‘यादगार-ए-गालिब’ या गालिबच्या चरित्रात, म्हणजे 1897 मध्ये, ही हकिकत दिली आहे. गालिबने लिहिले काय, तर देव अनेक विश्वे निर्माण करू शकतो आणि प्रत्येक विश्वाला त्याचा अखेरचा प्रेषित असू शकतो. मौलाना रागावले, गालिबने शेवट बदलून दिला. हा माणूस धर्मशास्त्राच्या बाहेर उभा राहून टिंगल करणारा नव्हता. आत बसून फट शोधणारा होता. (मौलानांना पुढे 1857 च्या उठावापायी अंदमान पाहावे लागले आणि तिथेच त्यांचा अंत झाला.)

आता इंग्रजी कादंबरीकडे वळू. अहमद अलींची ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ 1940 मध्ये लंडनच्या होगार्थ प्रेसने काढली. 1911 च्या दरबाराच्या आसपासची जुनी दिल्ली, कबुतरे पाळणारा मीर निहाल, त्याचे खचत जाणारे घर, आणि जागोजागी शेर. कादंबरी सुंदर आहे. पण तिच्यातला प्रत्येक शेर एकच काम करतो: गेलेल्या गोष्टीबद्दल उसासा टाकतो. मुद्दाम सांगावेसे वाटते ते हे की हेच अहमद अली ‘अंगारे’च्या चौघा लेखकांपैकी एक. 1932 मध्ये लखनौला निघालेला तो उर्दू कथासंग्रह संयुक्त प्रांताच्या सरकारने मार्च 1933 मध्ये जप्त केला, धर्मभावना दुखावल्याच्या कारणावरून. त्यातल्या अहमद अलींच्या एका कथेत गळक्या घरात पोरांना घेऊन बसलेली गरीब बाई देवाच्या न्यायाला सरळ जाब विचारते. म्हणजे देवावरची फिर्याद हा लेखक जाणत होता आणि तिची किंमतही त्याने मोजली होती. तरी इंग्रजीत लिहायला बसल्यावर त्याने उर्दू कवितेकडून फक्त विलाप घेतला.

पुढच्या कादंबऱ्यांत हा प्रकार आणखी ठळक होतो. अनिता देसाईंच्या ‘इन कस्टडी’मध्ये (1984) पोटासाठी हिंदी शिकवणारा आणि मनाने उर्दूचा असलेला देवेन चांदणी चौकात नूर या थोर कवीची मुलाखत टिपायला जातो. टेपरेकॉर्डर दगा देतो, पैसा संपतो, हाती काही लागत नाही. नूर खातो, पितो, कण्हतो, आठवणी काढतो. पण तो काय म्हणणारा कवी आहे, जगाबद्दल आणि देवाबद्दल त्याचे मत काय, हे पुस्तक संपले तरी आपल्याला नीट कळत नाही. इस्माईल मर्चंटने या कथेवर ‘मुहाफिज’ चित्रपट काढला तेव्हा नूरच्या तोंडी फैजच्या रचना घातल्या, आणि गोष्टीचे काही बिघडले नाही. लेनिन पुरस्कार मिळालेला मार्क्सवादी फैज जुन्या दिल्लीतल्या या कवीच्या जागी इतक्या बिनबोभाट बसतो, याचा अर्थ ती जागा मुळात विचारासाठी राखलेली नव्हती. तिथे कोणीतरी मोठा उर्दू कवी असला म्हणजे पुरे होते. विक्रम सेठ यांच्या ‘अ सूटेबल बॉय’मध्ये (1993) उर्दूची दोन माणसे आहेत. एक सईदाबाई, तिच्या बैठकीत मीर, गालिब, दाग गायले जातात. दुसरा रशीद, मान या पात्राला उर्दू लिपी शिकवणारा, धर्म आणि जमिनीचा न्याय यांच्या कात्रीत सापडून मनाचा तोल घालवून बसलेला तरुण. खरे तर गालिबचे शेर रशीदच्या कामाचे होते. कादंबरीत ते सईदाबाईच्या दिवाणखान्यात राहतात, आणि रशीद आपली तळमळ कवितेविनाच सोसतो. हा एवढा मोठा ग्रंथ, हजाराच्या वर पाने, पण त्याच्यात ही दोन दालने एकमेकांत उघडत नाहीत.

याच्या बाजूला ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मधला (1981) डॉक्टर आदम अझीज ठेवून पाहावा. जर्मनीतून शिकून काश्मिरात परतलेला हा तरुण 1915 च्या एका सकाळी नमाजाला वाकतो, थिजलेल्या मातीच्या ढेकळावर नाक आपटते, रक्ताचे तीन थेंब पडतात, आणि तो ठरवतो की यापुढे कोणा देवासाठी किंवा माणसासाठी जमिनीला ओठ लावायचे नाहीत. त्याच्या आत एक पोकळी राहून जाते, जन्मभर. रश्दींचे हे पान अप्रतिम आहे. पण संशयाचा हा घाट युरोपातून आलेला: आधी श्रद्धा होती, मग ती गेली, आता तिच्या जागी भोक आहे. भारतीय इंग्रजी कादंबरीला धर्माबाबत बहुधा या दोनच अवस्था परिचयाच्या असतात, असणे आणि गमावणे. गालिबची अवस्था तिसरी आहे. त्याने काही गमावलेले नाही. तो नमाज चुकवतो, दारू पितो, आणि देवाशी रोज भांडतो. ज्याच्याशी भांडण चालू आहे तो हजर आहे हे तर गृहीतच. नास्तिकाला फरिश्त्यांच्या वहीवर हरकत घेण्याची गरजच काय?

ही तिसरी अवस्था इंग्रजीत का उतरली नाही, याचे एक कारण इतिहासात आहे. 1857 च्या पराभवानंतर आझाद आणि हाली या उर्दू लेखकांनी आपल्याच कवितेची झाडाझडती घेतली. आझादचे ‘आब-ए-हयात’ 1880 चे, हालीचा ‘मुकद्दमा’ 1893 चा. कविता स्वाभाविक हवी, खऱ्या भावनेतून आलेली हवी, असा आग्रह दोघांनीही धरला, आणि त्यामागे इंग्रजी काव्यविचाराची छाया होती. तेव्हापासून जुन्या शेराला विचारला जाणारा प्रश्न बदलला. मुशायऱ्यातला रसिक पाहायचा की जुन्या विषयात कवीने नवी युक्ती कोणती काढली. नवा वाचक विचारू लागला की कवीला वाटले काय. एकदा शेर म्हणजे भावनेचा उद्गार ठरला, की त्यातला युक्तिवाद लाडिक खोडी होऊन बसतो. शम्सुर्रहमान फारुकी आणि फ्रान्सिस प्रिचेट यांनी या बदलावर विस्ताराने लिहिले आहे. पण कादंबरीकारांच्या हाती आधी पोहोचला तो हालीच्या नंतरचा गालिब.

याच ठिकाणी सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो फारुकींच्याच मतातून निघतो. गझलेतला पियक्कड, शेख, उपदेश करणारा वाइज ही सगळी संकेतातली पात्रे. कवी स्वतःचे मत सांगत नाही, ठरलेल्या डावात नवी चाल खेळतो. मग त्यातून धर्मविचार कसा काढायचा? संकेत मला मान्य आहे. पण संकेताने युक्तिवाद खोटा पडत नाही. वकील मांडतो ते त्याचे वैयक्तिक मत नसते, तरी मुद्दा बिनतोड असेल तर न्यायाधीशाला त्याचा विचार करावाच लागतो. उलट मला तर वाटते की संकेत मान्य केला की ही बाजू बळकट होते. एकट्या गालिबचा तो विक्षिप्तपणा राहत नाही. देवाशी हुज्जत घालायची जागा एका सबंध समाजाने आखून दिली होती आणि भर मैफलीत त्या हुज्जतीला दाद दिली होती, असे ठरते. ‘अंगारे’ जप्त झाला तेव्हा गालिबचा दीवान त्याच बाजारात उघड विकला जात होता. गद्य कथेत बोलणाऱ्याला नाव असते, घर असते, गल्ली असते. गझलेतला ‘मी’ कुठल्याच पत्त्यावर राहत नाही, म्हणून त्याच्यावर खटला भरता येत नाही. वास्तववादी कादंबरीची अडचण इथेच आहे, आणि ती भित्रेपणाची नव्हे, घाटाची आहे. तिला प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी तोंडी घालावे लागते. मग ती शेराला सुरक्षित ठेवण्यासाठी त्याचे गाणे करते.

अनुवादकांची गोष्ट थोडी निराळी. गालिबच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास ऐजाज अहमद यांनी शब्दशः अर्थ आणि टिपणे देऊन एड्रिअन रिच, डब्ल्यू. एस. मर्विन, विल्यम स्टॅफर्ड अशा अमेरिकी कवींकडून अनुवाद करवून घेतले. ते 1971 मध्ये ग्रंथरूपात आले. मुक्तछंदातल्या त्या रचनांत प्रतिमा चांगल्या आहेत, पण ‘असे असेल तर तसे का नाही’ हा शेराचा कणा पुष्कळदा वितळून जातो. आगा शाहिद अलींना हा मुक्तछंद खुपला. त्यांनी इंग्रजी गझलेत रदीफ-काफियाचा आग्रह धरला, तोही योग्यच. मात्र सगळी चर्चा मग घाटावर फिरत राहिली. राल्फ रसेल आणि खुर्शीदुल इस्लाम यांनी कवीची चमक गाजवण्यापेक्षा त्याचे म्हणणे समजावण्यावर भर दिला. मला त्यांचा मार्ग जास्त विश्वासार्ह वाटतो. आपल्याकडे सेतुमाधवराव पगडींनी गालिब मराठी वाचकाला उलगडून दाखवला तोही असाच.

नादाविना युक्तिवाद म्हणजे कविता नव्हे, कोटी झाली, असेही म्हणतील. काही अंशी खरे आहे. पण 1859 मध्ये फिट्झजेराल्डने खय्याम इंग्रजीत आणला तेव्हा मूळ रुबायांशी त्याने वाटेल तेवढी मोकळीक घेतली, आणि तरी ज्याने चिखलातून मडके घडवले त्याने मडक्याच्या व्यंगाबद्दल मडक्याला दोष का द्यावा, हा सवाल व्हिक्टोरियन घराघरांत जाऊन बसला. माधव जूलियनांनी खय्याम मूळ फारसीवरून मराठीत आणला आणि फिट्झजेराल्डवरून वेगळा आणला. दोन्हींत शब्दांचा पोत अगदी निराळा, पण कुंभाराला विचारलेला सवाल हरवत नाही. फिर्यादीचा आणखी एक नमुना इक्बालचा. ‘शिकवा’ त्याने 1911 मध्ये लाहोरच्या सभेत वाचला, ‘जवाब-ए-शिकवा’ 1913 चा. खुशवंत सिंगांनी दोन्ही इंग्रजीत आणले आणि ते तिथेही वाद म्हणूनच वाचले जातात. मात्र इक्बालची तक्रार एका समाजाच्या वतीने आहे, आणि तिला देवाकडून रीतसर उत्तर मिळते, तेही कवीनेच लिहिलेले. गालिबने उत्तर लिहिले नाही. आपले नामदेव-जनाबाई विठोबाला शिव्या घालतात त्या हक्काच्या माणसाला घालतात, तिथे खटला नसतो, रुसवा असतो. गालिबच्या तक्रारीत लाड नाही, आणि समाजाची वकिलीही नाही. एकटा माणूस, हातात अर्ज, समोर अशी कचेरी जिच्यावर अपील नाही.

कादंबरी म्हणजे धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हे, फाळणीनंतर उर्दूची झालेली परवड पाहता विलाप हाच खरा सूर, हा बचाव मी अर्धा मानतो. परवड खरीच. पण ‘इन कस्टडी’तच एक जागा आहे जिथे वाद उघडतो: नूरची दुसरी बायको इम्तियाज बेगम देवेनला पत्र लिहून विचारते की बाईची कविता वाचायचे धाडस तुझ्यात आहे का. देवेन तिच्या कविता न वाचताच फाडून टाकतो. म्हणजे लेखिकेला ठाऊक आहे की उर्दूच्या पोटात नुसते स्मरणरंजन नाही, उत्तर मागणारे सवालही आहेत; तिच्या नायकाला ते पेलत नाहीत.

पेलून दाखवले ते उर्दूतून स्वतःच इंग्रजीत आलेल्यांनी. फारुकींच्या कादंबरीचा त्यांनीच केलेला इंग्रजी अवतार, ‘द मिरर ऑफ ब्यूटी’ (2013), यात शेर संभाषणाचा भाग म्हणून येतात. शेरांनीच टोला दिला जातो, परतवला जातो. कुर्रतुलऐन हैदर यांनी ‘आग का दरिया’ (1959) जवळजवळ चाळीस वर्षांनी ‘रिव्हर ऑफ फायर’ म्हणून इंग्रजीत नव्याने लिहिली, पुष्कळ कापली, पुष्कळ बदलली. तिच्यातला कमालुद्दीन परदेशातून जौनपूरच्या सुलतानाकडे चाकरीला येतो, काशीत कबीराच्या मेळ्यात जाऊन बसतो आणि शेवटी बंगालच्या मातीत शेतकरी होतो. आपला देव कोणता आणि आपला मुलूख कोणता, हा झगडा तो गाण्यावर सोपवत नाही, दुसऱ्या माणसांशी बोलत भांडत पुढे नेतो. इंग्रजी आवृत्तीला मूळ उर्दूची गोडी नाही, अशी तक्रार वाचकांनी केली, आणि ती रास्त आहे. कमालुद्दीनचा झगडा मात्र इंग्रजीत शाबूत आहे.